एका डोळ्याला धक्का, एका डोळ्याला दीपस्तंभ

खरा एकांत फक्त बेटावर मिळतो, आणि तोही ज्याला तो मागता येतो त्यालाच. आबांच्या पुस्तकाचं हे पहिलं वाक्य. ते वाचून लोकांनी नोकऱ्या सोडल्या आहेत, ठरलेली लग्नं मोडली आहेत, गेला बाजार रविवारच्या पहिल्या बोटीचं तिकीट तरी काढलं आहे. आबांनी ते लिहिलं तेव्हा घरात अकरा माणसं होती, दोन शेळ्या होत्या, आणि मधल्या खोलीत एक लांबचे काका दोन दिवसांसाठी म्हणून येऊन चौथं वर्ष काढत होते.

घरात त्याला नुसतं 'पुस्तक' म्हणत, जणू जगात दुसरं छापलंच गेलेलं नाही. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण वाचक येत राहिले. येत ते यात्रेकरूंसारखे. धक्क्यावर उतरायचं, पुस्तक उघडायचं, त्यात लिहिलेल्या वाटेनं टेकडी चढायची, दीपस्तंभाला वळसा घालायचा आणि उतरताना आबांच्या घरी थांबून 'ती' खोली पाहायची. ती खोली म्हणजे माडीवरची. हे ठरलं कसं, तर पहिला वाचक आला तेव्हा दारात अण्णा उभे होते. "त्यांनी लिहिलं कुठं बसून?" असं त्यानं विचारलं आणि अण्णांनी वर बोट केलं. थोरले चिरंजीव अण्णा तेव्हा नुकतेच हेडमास्तर झाले होते, आणि 'मला माहीत नाही' म्हणायची त्यांची सवय सुटली होती.

त्या खोलीत छोटी राहायची. छोटी म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. साठी उलटली तरी छोटीच. ती बेटावरच्या बोटींची आच्छादनं शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची, आणि रविवारी पहिल्या बोटीचा भोंगा वाजला की गादी गुंडाळून शिलाई मशीनवर पांढरी चादर टाकायची. एकदा एका वाचकानं त्या चादरीपुढे डोकं टेकवलं होतं. छोटीनं त्याला उठवलं नाही. मशीन जुनं होतं, भरवशाचं होतं; डोकं टेकवायला हरकत नव्हती.

या रविवारी मात्र नुसती गादी गुंडाळून भागणार नव्हतं. वारसा खात्याच्या अधिकारी बाई येणार होत्या.

"नियम साधा आहे," अण्णा सकाळी चहाच्या टेबलाशी म्हणाले. निवृत्त होऊन शहरात राहायला गेले तरी बेटावर आले की ते प्रार्थनेच्या वेळेसारखे उभे राहून बोलत. "लेखनस्थान जाहीर झालं की तिथं पाटी लागते. मग तिथं कुणाला राहता येत नाही. खिळा ठोकायचा तरी खात्याला विचारावं लागतं. छोटी आमच्याकडे येईल. तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली आहे. हवेशीर."

"खिडकीतून काय दिसतं?" छोटीनं विचारलं.

"समोरची खिडकी."

"आणि तिच्यातून?"

"छोटी, तू आता लहान नाहीस," अण्णा म्हणाले. हे त्यांनी तिला छोटी म्हणूनच सांगितलं.

अण्णांच्या मनात खोट नव्हती. बहीण एकटी, जिना उंच, गुडघे कुरकुरणारे. तिची सोय आणि बापाचं नाव अशी दोन्ही कामं एका पाटीत होत होती. हेडमास्तरला याहून सुख नाही.

मधले भाऊ नाना अण्णांच्या बाजूनं होते. त्यांचं धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि घराचं छप्पर माडीच्या फळ्यांतून त्यांच्या पलंगावर गळत होतं. "खोली खात्याची झाली की छप्पर खातं करणार. आणि छप्पर काय खोलीपुरतं वेगळं असतं का?" हे त्यांनी आठवडाभरात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आता सिद्धान्तासारखं वाटायला लागलं होतं.

अण्णांची लेक प्राध्यापिका. तिनं आजोबांच्या एकांतावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली होती. पुस्तकात एक ओळ आहे: 'माझ्या खिडकीतून एका डोळ्याला धक्का दिसतो आणि एका डोळ्याला दीपस्तंभ, मधे फक्त मी.' माडीवरच्या खिडकीतून धक्का दिसतो. दीपस्तंभ पाहायचा तर कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागतं आणि मागून कुणीतरी धरावं लागतं; जोडप्यांनी येणाऱ्या वाचकांना ते आवडायचंही. प्राध्यापिकेनं प्रबंधात सिद्ध केलं होतं की दीपस्तंभ हा आतला आहे. या सिद्धान्तावर सरकारी पाटी लागली तर तिला हवीच होती.

राहता राहिली वहिनी. वहिनी म्हणजे नानांची बायको. छोटी तिला वहिनी म्हणायची म्हणून सगळं बेटच म्हणायचं. तिची झोपायची खोली बरोबर शिलाई मशीनच्या खाली होती. लग्न होऊन आल्यापासून तिला दुपारची झोप म्हणून लागलेली नव्हती. तिची बाजू कोणती, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

चहा झाल्यावर छोटी आणि वहिनी वर सामान आवरायला गेल्या.

"गादी कुठं टाकू, वन्सं?"

"खाली बाथरूममध्ये. पेटीही तिथंच. मशीनही."

"मशीन बाथरूममध्ये?"

"अण्णा म्हणाले, लेखकाच्या खोलीत मशीन दिसता कामा नये. घरात दुसरी रिकामी जागा कुठंय? चार वाजता बाई गेल्या की काढू."

वहिनीनं गादीचं एक टोक धरलं. गादी बरीच जड होती, पण दोघी दमल्या त्या बोलून.

"तुम्ही गेलात की मी दुपारी झोपणार आहे," वहिनी म्हणाली. "पाय ताणून."

"झोपा की."

"कट-कट-कट-कट. तीस वर्षं डोक्यावर बोट चालवल्यासारखी. आता शांत."

"शांतच."

"तिकडे भांडाल कुणाशी?"

"अण्णांच्या सुनेशी."

"ती? ती उलट बोलत नाही म्हणे. नुसती 'बरं' म्हणते."

छोटी जिन्यात थांबली. हा मुद्दा तिच्याही लक्षात आलेला नव्हता.

"'बरं' म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं हो वन्सं?" वहिनी म्हणाली, आणि गादीचं आपलं टोक एकदम खाली ठेवून पदरानं चष्मा पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता.

अधिकारी बाई दुपारच्या बोटीनं आल्या. कॉलेजात असताना त्यांनी पुस्तक पहिल्यांदा वाचलं होतं आणि तेव्हापासून एकदा बेटावर जायचं ठरवलं होतं. दरवर्षी काही ना काही आडवं येई. शेवटी खात्यानंच पाठवलं, म्हणजे पगारी यात्रा. बोट सुटली तेव्हा त्या पुढच्या टोकाला उभ्या राहून पहिलं प्रकरण मनात म्हणत होत्या. निम्म्या वाटेत लाटा वाढल्या आणि प्रकरण थांबलं. धक्क्यावर उतरताना त्यांचा रंग काकडीच्या सालीसारखा झाला होता, आणि त्यांनी घराच्या दारात पाऊल टाकलं ते कुठल्याही साहित्यिक भावनेशिवाय.

"या, या!" अण्णा हात पुढे करून म्हणाले. "हे ते घर. आबा म्हणायचे—"

"बाथरूम कुठंय?" अधिकारी बाई म्हणाल्या.

बाथरूममध्ये गादी होती, पेटी होती, शिलाई मशीन होतं, त्यावर कापडाचे गठ्ठे होते आणि सगळ्यांत वर छोटीच्या चपला होत्या. दार नीट मिटतही नव्हतं.

"वर... आधी खोली पाहून घेतलीत तर..." अण्णा म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. या एका शब्दात खात्याचा सगळा अधिकार होता.

"मागे चला माझ्याबरोबर," वहिनी म्हणाली आणि त्यांना दंडाला धरून परसदारी घेऊन गेली. परसाच्या टोकाला, खडकाच्या कडेवर जुना दगडी संडास होता. घरात बाथरूम झाल्यापासून तो फक्त पाहुण्यांच्या गर्दीत उघडत असे. छोटी दरवर्षी त्याला चुना लावायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

बाई आत गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

घरची मंडळी परसात ताटकळत उभी राहिली. चहा निवला. बिस्किटं मऊ पडली. नानांनी हळूच विचारलं, "एवढा वेळ?" "बोटीची सवय नसेल," अण्णा म्हणाले. मग आतून बाईंचा आवाज आला. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. त्या पुस्तकातली ओळ म्हणत होत्या.

"एका डोळ्याला धक्का दिसतो," आतला आवाज म्हणाला, "आणि एका डोळ्याला दीपस्तंभ."

कडी निघाली. बाईंचा रंग परत आला होता आणि डोळे भरून आले होते. "बसल्यावरच दिसतं," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की भिंत येते. बसलं की ती झरोक्याची फट, डावीकडे धक्का, उजवीकडे दीपस्तंभ. आणि मांडीच्या उंचीला ती आडवी फळी. फळीवर शाईचे डाग आहेत."

"ते औषधाचे," अण्णा पटकन म्हणाले. "आबांचं पोट साफ नसे. आई त्यांना रोज रात्री एरंडेल द्यायची."

"रोज?"

"रोज. वर्षानुवर्षं. तरी ते सकाळी आत गेले की दोन-दोन तास..." अण्णा इथं थांबले.

परसात सगळे त्या दाराकडे बघायला लागले. समुद्राचा आवाज येत होता, तो तसाही येतच असतो.

"पुस्तकात एक वाक्य आहे," बाई हळूच म्हणाल्या. "'या घरात मला आतून लावता येईल असं एकच दार आहे.' वरच्या खोलीला आतून कडी आहे का?"

"मी खुर्ची लावते दाराला," छोटी म्हणाली. "कडी कधीच नव्हती."

प्राध्यापिकेला ते दार प्रबंधात मनाचं दार म्हणून पान भरून समजावून सांगितल्याचं आठवलं. तिनं डोळे मिटले.

"म्हणजे," नाना म्हणाले, "म्हणजे त्यांचं पोट बरं होतं?"

"उत्तम असणार," वहिनी म्हणाली. "मी नवी सून होते. सकाळी मी बाहेर, सासूबाई बाहेर, वन्सं बाहेर, मागं काका. रांग. मामंजी आत. मी एकदा सासूबाईंना विचारलं, डॉक्टर बोलवायचा का? तर म्हणाल्या, डॉक्टर नको, एरंडेल वाढव."

"बाटली मी आणायचो," नाना म्हणाले. "दर शनिवारी. मोठी बाटली." आणि ते खडकावर बसून हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पुन्हा हसले. "दोन चमचे रोज! तोंड वाकडं न करता! बोललाच नाही बाप एका शब्दानं! बोलला असता तर एरंडेल बंद झालं असतं आणि आतली जागाही गेली असती!"

साहित्यासाठी लेखकांनी तुरुंग सोसले आहेत, उपास सोसले आहेत. एरंडेल सोसणारे आबा बहुधा एकटेच.

हसू आलं नाही ते फक्त अण्णांना. "हे बघा," ते अधिकारी बाईंना म्हणाले, "ही घरातली बाब आहे. आपण वर चलू. खोली तयार आहे. टेबल आहे, दौत आहे."

"दौत आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली," छोटी म्हणाली.

"छोटी!"

"आणि ते टेबल माझं आहे. कापड बेतायचं. त्याला इंचांच्या खुणा आहेत."

"संडासावर पाटी लावायची?" अण्णांचा आवाज चढला. "माझ्या वडिलांची? लोक काय म्हणतील? मी किती वर्षं लोकांना वर बोट दाखवलं!"

"दाखवलंत ना," वहिनी मधे पडली. "वरच दाखवलंत, कारण तुम्हाला परसातलं काही माहीतच नव्हतं, भाऊजी. तुम्ही दोघं भाऊ पहाटे उठून खडकांमागे जायचात. रांगेत आम्ही बायका. रांगेतल्यांना विचारलं असतंत तर कळलं असतं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" नानांनी आश्चर्यानं विचारलं. "दुपारची झोप पाहिजे म्हणालीस ना?"

"झोप कुणाला येत्येय," वहिनी म्हणाली. "वरून आवाज आला नाही तर मला काय वाटेल? वन्सं गेल्या की काय, असं वाटेल. मग जिना चढून बघायला जावं लागेल. त्यापेक्षा कट-कट परवडली."

नानांनी बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग छपराकडे. "पण मग छप्पर?"

"गळू दे," छोटी म्हणाली. "बादली ठेवते. भरली की मीच ओतते. मी वर आहेच."

नानांना एवढं पुरलं. गळतं छप्पर त्यांच्या माहितीचं होतं. छोटीशिवाय घर कसं असतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती. ते उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. प्राध्यापिकाही सरकली. तिच्या डोक्यात नव्या निबंधाचं पहिलं वाक्य तयार होऊ लागलं होतं, आणि ते जुन्या प्रबंधापेक्षा बरं होतं.

अण्णा एकटे उरले. हेडमास्तर असताना त्यांना याची सवय होती, पण तेव्हा समोर मुलं असत.

"मी बघतो," ते शेवटी म्हणाले. "नुसतं ऐकून मी काही मान्य करत नाही." आणि ताठ मानेनं परसाच्या टोकाला गेले, आत शिरले, कडी लावली.

आत अंधार होता आणि ताज्या चुन्याचा वास होता. अण्णा आधी उभे राहिले. समोर भिंत. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं (आत कुणी असायची शक्यता नव्हती, पण सवय) आणि बसले. फट बरोबर डोळ्यांसमोर आली. डावीकडे धक्का, नानांच्या दुकानाचा पत्रा, बांधलेल्या बोटी, त्यांवर छोटीनं शिवलेली निळी आच्छादनं. उजवीकडे टेकडी, टेकडीवर दीपस्तंभ, आणि त्याच्या पायथ्याशी मुंग्यांएवढे वाचक हातात पुस्तक धरून वळसा घालत होते. मधे फक्त अण्णा.

फळीवर त्यांचे हात आपोआप टेकले. डागांवर. त्यांना आठवलं की लहानपणी ते या दारावर थाप मारून ओरडायचे, "आबा, किती वेळ?" आणि आतून एकच उत्तर यायचं, "संपत आलं." अण्णांना ते नेहमी पोटाबद्दल वाटलं होतं.

बाहेर मंडळी पुन्हा ताटकळली.

"भाऊजी," वहिनीनं थाप मारली, "किती वेळ?"

आतून अण्णांचा आवाज आला, वेगळाच, जरा ओला. "संपत आलं."

कडी निघाली. अण्णा बाहेर आले, कोट खाली ओढला, आणि प्रार्थनेच्या वेळेसारखे उभे राहिले. "अधिकारी बाई, लिहून घ्या. लेखनस्थान हेच. वरची खोली माझ्या बहिणीची. ती तिथं शिवणकाम करते."

"आणि तिसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली?" छोटीनं विचारलं.

"तिच्यात काय आहे," अण्णा म्हणाले. "समोरची खिडकी."

बाईंनी कागदावर 'परसदारातील लेखनस्थान' असं लिहिलं. संडास हा शब्द खात्याच्या नमुन्यात बसत नव्हता. मग त्यांनी पुस्तक पुढे केलं आणि पहिल्या पानावर सगळ्यांच्या सह्या मागितल्या. लेखकाच्या वारसांना प्रथमच कुणी सही मागत होतं. नानांनी हात पॅन्टला पुसून सही केली. वहिनीनं आधी चष्मा पुसला. छोटीनं 'छोटी' अशीच केली.

चारची बोट सुटायच्या आधी सगळ्यांनी मिळून मशीन बाथरूममधून काढलं. ते वर चढवताना अण्णा एका बाजूला होते, नाना दुसऱ्या, आणि जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांना दोष देत होते.

"तिरकं कर!"

"तिरकंच आहे! तू सरळ हो!"

"हेडमास्तर, जिन्यात भाषण नको!"

खाली अधिकारी बाई निरोप घेत होत्या तेव्हाच वरून आवाज आला. कट-कट-कट-कट. छोटी शाळेचा गणवेश पुरा करत होती; तो सोमवारी द्यायचा होता.

"वन्सं!" वहिनी खालून ओरडली. "हळू चालवा की! माणसं झोपायची आहेत!"

"कुठली माणसं?" वरून उत्तर आलं.

वहिनीनं समाधानानं पदर खोचला आणि ती पाय ताणून आडवी झाली. तिला झोप लागली नाही.

पाटी पुढच्या महिन्यात लागली. आता रविवारी वाचक टेकडी उतरून थेट परसात जातात आणि रांगेत उभे राहतात. रांग अगदी पूर्वीच्याच जागी लागते. एकेक जण आत जातो, बसतो, दोन्ही डोळ्यांनी पाहतो आणि डोळे पुसत बाहेर येतो. मागचा लगेच आत डोकावतो, कारण संरक्षित वास्तूच्या दाराला आतून कडी चालत नाही, आणि खात्याचा माणूस येऊन ती काढून घेऊन गेला आहे.